पहिली वीज कुणाला?

अख्खं ग्रीड, म्हणजे वीज केंद्रांना आणि गावा-शहरांना जोडणारं जाळं, बंद पडून बसतं तेव्हा नव्याने तयार झालेली पहिली वीज जाते ती एखाद्या वीज केंद्रातल्या तेलाच्या पंपाला. मग पाण्याच्या पंपाला, मग दुसऱ्या एखाद्या केंद्रातल्या बॉयलरच्या पंख्याला. रुग्णालयं, लोकल, पाणीपुरवठा यांचा नंबर त्यानंतर. बाहेर लाखो माणसं घामाघूम होऊन ‘लाईट कधी येणार’ विचारत असतात आणि आत जी चिमूटभर वीज बनली आहे ती वीज केंद्रंच खात असतात. आधी पोटोबा मग विठोबा. ऐकायला निष्ठुर वाटतं, पण हा क्रम चुकला तर विठोबा राहोच, पोटोबाही उपाशी राहतो.

कारण साधं आहे. कोळशावरचं केंद्र वीज बनवतं तसं वीज खातंही. नाशिकजवळच्या एकलहऱ्याला आहेत तसा २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालत असेल तर त्यातले सतरा-अठरा मेगावॅट त्याला स्वतःलाच लागतात. बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा फीड पंप, धूर ओढणारे आयडी फॅन, कोळशाची पूड उडवणारे पीए फॅन, कोळसा दळणाऱ्या मिल, कंडेन्सर थंड ठेवणारे पाण्याचे पंप. एकट्या बॉयलर फीड पंपाची मोटर ४ मेगावॅटच्या आसपास असते, आणि मोटर चालू होताना पहिले काही सेकंद नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेव्हा मेलेलं थर्मल केंद्र स्वतःच्या बळावर उठत नाही. त्याला बाहेरून कुणीतरी हात द्यावा लागतो, आणि तो हातही दणकट हवा.

हा हात येईपर्यंतचा काळ केंद्रातल्या माणसांना सगळ्यात जास्त घोर लावतो. संच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तरी टर्बाइन तापलेलंच असतं. मिनिटाला ३,००० फेरे घेणारा तो अनेक टनांचा रोटर थांबत आला की एका जागी स्थिर ठेवून चालत नाही. वरची बाजू गरम, खालची थंड, आणि शाफ्टला पोक येतो. म्हणून त्याला बॅरिंग गिअरवर सावकाश फिरवत राहायचं. बेअरिंगला तेल हवं, ते एसी पंपाने मिळत नाही म्हणून बॅटरीवरचा डीसी पंप. जनरेटरमध्ये हायड्रोजन भरलेला असतो, तो शाफ्टच्या कडेने बाहेर पडू नये म्हणून सील ऑइल, त्यालाही डीसी पंप. बॅटरी संपली आणि तेल थांबलं तर बेअरिंगचा पांढरा धातू वितळतो. मग प्रश्न तासांचा उरत नाही, महिन्यांचा होतो. अंधाराच्या पहिल्या तासात केंद्रात जी धावपळ चालते ती वीज बनवण्यासाठी नसते, यंत्र शाबूत राहावं म्हणून असते.

अणुकेंद्राची तऱ्हा आणखी निराळी. तारापूरला आहेत तशी जड पाण्याची अणुभट्टी बंद पडल्यावर साधारण अर्ध्या तासाच्या आत पुन्हा चालू झाली तर झाली. नाहीतर इंधनात झेनॉन साठतो, तो न्यूट्रॉन गिळतो, आणि तो ओसरेपर्यंत दीड दिवस हात बांधून बसावं लागतं. त्यामुळे तिथे सगळा प्रयत्न असतो तो संच पूर्ण बंद पडू न देण्याचा. बाहेरचं ग्रीड तुटलं तरी स्वतःच्या पंपांपुरती वीज बनवत राहायचं. याला हाऊस लोडवर जाणं म्हणतात.

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर उपकेंद्रातल्या बॅटरीबद्दलही सांगायला हवं. ४०० केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, उपकेंद्रात कोट्यवधींचे ट्रान्सफॉर्मर असतात. पण ग्रीड मेल्यावर तिथला ब्रेकर, म्हणजे लाईन तोडणारा-जोडणारा मोठा स्विच, उघडायचा की मिटायचा हे ठरतं मागच्या खोलीतल्या २२० व्होल्टच्या बॅटरी बँकेवर. दोन-दोन व्होल्टच्या शंभराहून अधिक सेलची ओळ. रिले (दोष ओळखून ब्रेकरला हुकूम देणारं उपकरण), ब्रेकरचं ट्रिप कॉइल, स्प्रिंग चार्ज करणारी मोटर, संदेशवहन, सगळं शेवटी डीसीवर. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर टाकलं नाही, एका सेलचं टर्मिनल हिरवं पडलं आणि जोड ढिला झाला, एवढंही पुरतं. रोज चार्जर चालू असतो तोवर हा दोष दिसत नाही, कारण भार चार्जर उचलतो. चार्जर गेल्यावर पहिल्याच ब्रेकरच्या वेळी व्होल्टेज कोसळतं. कोणतंही उपकेंद्र पाहायला गेलात तर कंट्रोल रूमच्या स्क्रीनपेक्षा बॅटरी रूमची फरशी आधी बघावी. खरी तब्येत तिथे कळते.

आता हात देणारा कोण? पाणी. जलविद्युत संचाला स्वतःसाठी फार थोडी वीज लागते, एका छोट्या डिझेल जनरेटरने भागते. महाराष्ट्रात या कामी कोयनेचा आधार जुना आहे. साधारण १,९६० मेगावॅटचा प्रकल्प, पोफळीच्या वीजगृहाच्या बाजूला पाणी चारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी दिलं आहे, म्हणून एरवी तिथला थेंबन् थेंब हिशेबाने वापरतात. मुंबईसाठी हेच काम खोपोली, भिवपुरी आणि भिरा या सह्याद्रीतल्या शंभर वर्षं जुन्या केंद्रांकडे येतं.

ब्लॅक स्टार्टचा, म्हणजे बाहेरची वीज नसताना शून्यातून सुरू करण्याचा, क्रम असा. डिझेल जनरेटर चालू करून केंद्राच्या स्वतःच्या बसला (सगळे जोड जिथे एकत्र येतात त्या वाहक पट्टीला) वीज द्यायची. त्यावर गव्हर्नरचा (टर्बाइनचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) तेलाचा पंप चालवून दाब तयार करायचा, बेअरिंगला थंड पाणी द्यायचं. तेलाच्या दाबाने मुख्य गोलाकार झडप उघडायची. कोयनेच्या पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातली टर्बाइन पेल्टन जातीची, तिथे नोझल हळूहळू उघडत चाक ठरलेल्या वेगाला आणायचं. या क्षणाला यंत्र फिरतं आहे पण वीज नाही, कारण रोटरमध्ये चुंबकत्व नाही. मग बॅटरीतून क्षणभर करंट सोडून फील्ड फ्लॅश करायचं. व्होल्टेज चढायला लागतं, एक्सायटेशन, म्हणजे रोटरला चुंबकत्व देणारी व्यवस्था, स्वतःच्या पायावर उभं राहतं. सगळं सुरळीत असेल तर अर्ध्या तासाच्या आत एक संच वीज द्यायला तयार. मात्र आधी समोरच्या मेलेल्या बसवरचे सगळे ब्रेकर उघडे आहेत याची खातरी हवी. एखादा मिटलेला राहून गेला असेल तर नवजात संचावर अख्खं शहर एकदम लटकतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

इथून पुढे उतावळेपणा नडतो.

पोफळीतून निघालेली वीज दुसऱ्या केंद्रापर्यंत न्यायची तर मधली लाईन चार्ज करावी लागते. रिकामी लाईन म्हणजे लांबलचक कपॅसिटर. २२० केव्हीची लाईन दर किलोमीटरला साधारण ०.१४ एमव्हीएआर रिॲक्टिव्ह पॉवर (काम न करता नुसती मागेपुढे झुलणारी, इथे व्होल्टेज चढवणारी वीज; एमव्हीएआर हे तिचं माप) स्वतःच तयार करते, ४०० केव्हीची ०.५५ च्या आसपास. म्हणजे संचाला दीडशे किलोमीटरच्या २२० केव्ही लाईनचे वीसएक एमव्हीएआर पचवावे लागतात, तेवढ्याच ४०० केव्ही लाईनचे ८० च्या वर. सत्तर-ऐंशी मेगावॅटचा एकटा संच वीस कसेबसे पचवेल. ऐंशी दिले तर यंत्राचा स्वतःच्या व्होल्टेजवरचा ताबाच सुटतो. शिवाय रिकाम्या लाईनच्या दुसऱ्या टोकाला व्होल्टेज पहिल्या टोकापेक्षा जास्त निघतं, त्याला फेरँटी परिणाम म्हणतात. म्हणून सुरुवात २२० किंवा त्याहून खालच्या लाईनींवरून, मुद्दाम व्होल्टेज थोडं कमी धरून, आणि वाटेत शक्य तितक्या लवकर थोडासा भार जोडत. व्होल्टेज वाढणं किती महागात पडतं ते स्पेन आणि पोर्तुगालने २८ एप्रिल २०२५ ला पाहिलं. दोन्ही देश भर दुपारी अंधारात गेले ते व्होल्टेज एकापाठोपाठ एक ठिकाणी चढत गेल्यामुळे. ग्रीड बसलं की आपण सहज म्हणतो, ‘लोड जास्त झाला असेल.’ कधी कधी नेमकं उलटं झालेलं असतं.

वाटेतला ट्रान्सफॉर्मर पहिल्यांदा चार्ज करतानाही झटका बसतो. त्याच्या गाभ्यात आधीचं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यामुळे क्षणभर रेटेड करंटच्या कित्येक पट करंट येतो. मोठ्या ग्रीडला ते कळतही नाही. एकट्या संचाला धक्का बसतो.

मग भार. अनुभवाने ठरलेला नियम असा की चालू असलेल्या क्षमतेच्या सुमारे ५ टक्क्यांहून मोठा भार एका वेळी जोडू नये. ८० मेगावॅटच्या संचाला हा हिशेब ४ मेगावॅटचा होतो. ११ केव्हीच्या फीडरवर, म्हणजे एखाद्या भागाला वीज पुरवणाऱ्या लाईनवर, २०० अँपिअर वाहत असतील तर ते ३.८ एमव्हीए, ढोबळमानाने तितकेच मेगावॅट. म्हणजे एका वेळी एक फीडर! त्यातही मेख आहे. एरवी एखाद्या भागातले सगळे फ्रीज, एसी, पाण्याचे पंप एकदम चालत नाहीत, आळीपाळीने चालू-बंद होत राहतात. तीन तास लाईट गेल्यावर सगळी घरं तापलेली, सगळे फ्रीज कोमट, सगळ्या टाक्या रिकाम्या. वीज येताच सगळं एकदम सुटतं. काल २०० अँपिअर दाखवणारा फीडर आज ४०० दाखवतो. आकडा कालच्या लॉगबुकमधून उचलला तर ४ मेगावॅटच्या जागी ८ येतात, फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे विजेच्या लयीचा, काटा ५० हर्ट्झवरून ४९ च्या खाली घसरतो आणि तासाभराची मेहनत पाण्यात जाते. घरात लाईट आल्या आल्या एसी लावू नये असं सांगतात त्याचं कारण हेच. पंखा, दिवा ठीक. बाकी पंधरा-वीस मिनिटांनी.

अशा चिमुकल्या ग्रीडमध्ये काटा धरण्याचं काम एकाच यंत्राला द्यायचं असतं. तेच ५० हर्ट्झला चिकटून राहील, बाकीचे त्याच्या मागून थोडे-थोडे झुकत चालतील. दोन यंत्रांना एकाच वेळी काटा धरायला सांगितला तर ती एकमेकांशी रस्सीखेच करतात.

असे दोन-चार तुकडे उभे राहिले की ते जोडायचे. दोन्ही बाजूंचं व्होल्टेज जवळजवळ सारखं, फ्रिक्वेन्सीतला फरक अगदी किंचित, आणि कोनातला फरक, म्हणजे एकीची लहर दुसरीच्या किती पुढे-मागे आहे तो, दहा-वीस अंशांच्या आत. हा कोन दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरत असतो, तो बाराच्या जवळ येताना, बारावर पोचण्याच्या किंचित आधी ब्रेकर मिटायचा. सहावर असताना मिटला तर शाफ्टचं कपलिंग तुटू शकतं. शिवाय ही सोय प्रत्येक उपकेंद्रात नसते. तेव्हा तुकडे कुठे जोडता येतील हे आधीच कागदावर असायला हवं. कळवा-ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून प्रत्येक लाईन चार्ज करण्याआधी कोड दिला जातो. दोन्ही टोकांनी तो लिहून घ्यायचा, वेळ टाकायची, मगच ब्रेकरला हात. लालफीत वाटते खरी, पण हा कोड नसेल तर दोन माणसं एकाच लाईनला दोन्ही टोकांनी जिवंत करतात.

२०१२ च्या जुलैत हे सगळं देशाने दोन दिवसांत दोनदा केलं. ३० जुलैला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तरेचं ग्रीड बसलं, साधारण ३६,००० मेगावॅटचा भार गेला. सुरुवात बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाईनपासून. तिचं जोडीचं सर्किट ७६५ केव्हीला नेण्याच्या कामासाठी बंद होतं, उरलेल्या एकावरून पश्चिमेकडची वीज भरभरून उत्तरेला जात होती. लाईनवर दोष काहीच नव्हता. दोष किती लांब आहे ते मोजणाऱ्या डिस्टन्स रिलेचा तिसरा झोन, जो खरं तर लांबवरच्या दोषासाठी राखीव पहारा असतो, त्याला तो जड भार दोषासारखा दिसला. लाईन तुटली, वीज पूर्वेच्या लांबच्या वाटेने धावली आणि त्या वाटाही सुटत गेल्या. दुपारी चारच्या सुमारास उत्तर भारत पूर्ववत झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता तीच लाईन, तीच गोष्ट. फरक इतकाच की या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग गेले, ४८,००० मेगावॅट, साठ कोटींहून अधिक लोक. पहिल्या दिवशी वीज परत आणली होती, पण ज्या अवस्थेने ती गेली ती अवस्था तशीच ठेवली होती. दुसऱ्या दिवसाचा अपघात मला पहिल्यापेक्षा जास्त अक्षम्य वाटतो.

पश्चिम ग्रीड वाचलं, कारण ते तुटून वेगळं झालं. आपल्याकडून जाणारी वीज अचानक थांबल्याने इथे उलट फ्रिक्वेन्सी वर गेली आणि निर्मिती खाली आणावी लागली. दक्षिण भारत तेव्हा बाकी देशाशी एकाच लयीत जोडलेला नव्हता, म्हणून तोही सुटला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि काश्मीर ते कन्याकुमारी एकच काटा फिरू लागला. याने ग्रीड दणकट झालं यात शंका नाही. एक मोठा संच बंद पडला तरी काटा जेमतेम हलतो. पण दणका बसलाच तर तो पसरायला मैदानही मोठं झालं.

म्हणून कुठे तुटायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं. फ्रिक्वेन्सी ४९.४ ला आली की काही फीडर आपोआप सुटावेत, ४९.२ ला आणखी काही, मग ४९.०, मग ४८.८. अशा अंडर फ्रिक्वेन्सी रिलेच्या पायऱ्या लावलेल्या असतात. ४७.५ च्या आसपास थर्मलचे संच स्वतःला वाचवायला बाहेर पडतात, आणि मग खेळ खलास. कागदावर सुंदर योजना आहे. २०१२ च्या चौकशीत दिसलं की या रिलेंकडून अपेक्षित दिलासा मिळालाच नव्हता. का मिळत नाही ते या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असतं. फीडरवर नंतर एखादं मोठं रुग्णालय आलं, कुणा वजनदार माणसाचा बंगला आला, रिले बायपास झाला, यादीत मात्र जुनाच आकडा राहिला. किंवा फीडर आधीच भारनियमनात बंद असतो. बंद फीडर पुन्हा तोडून काय मिळणार? टेक्सासने फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत याचीच दुसरी बाजू पाहिली. ग्रीड वाचवायला त्यांनी जे फीडर तोडले त्यांतल्या काहींवर नैसर्गिक वायू पुरवणारी यंत्रणा होती. ती बंद पडली, वायू कमी झाला, त्यावर चालणारी वीज केंद्रं आणखी मंदावली. त्यांचं ग्रीड पूर्ण कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंद दूर होतं.

मुंबईची तुटण्याची योजना वेगळी, आयलँडिंगची. बाहेर गडबड झाली की शहर कापून बाजूला काढायचं आणि ट्रॉम्बे, डहाणू व घाटातल्या जलविद्युत केंद्रांवर त्याचं बेट चालवायचं. ही योजना अनेक वर्षं मुंबईचा अभिमान होती. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा ४०० केव्हीचं एक सर्किट देखभालीत असताना दुसऱ्यात बिघाड झाला, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि बेटही टिकलं नाही. गणित बघितलं तर नवल वाटत नाही. ट्रॉम्बे ९३०, डहाणू ५००, तिन्ही जलविद्युत मिळून साडेचारशेच्या आसपास, आणि तेही सगळं चालू असेल तर. शहराची उन्हाळी मागणी ३,५०० च्या पुढे. बाहेरची वीज स्वस्त म्हणून आतले संच कमी चालवायचे आणि त्याच वेळी बेटाचा भरवसा धरायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. बेट टिकायचं तर आत जेवढी निर्मिती फिरते आहे तेवढाच भार त्या सेकंदाला शिल्लक राहायला हवा, बाकी सगळा सुटायला हवा. पुढे खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची लाईन २०२३ मध्ये सुरू झाली आणि शहरात वीज आणायला सुमारे १,००० मेगावॅटची नवी वाट मिळाली. ही वाट कितीतरी आधी व्हायला हवी होती.

छतावर सोलर लावलेल्यांची एक तक्रार नेहमीची. भर उन्हात लाईट गेली की पॅनलही बंद कसं? साधा सोलर इन्व्हर्टर ग्रीडची लय पाहून तिच्यात आपला सूर मिसळतो. लयच नसेल तर तो गप्प बसतो, आणि बसायलाच हवा. खांबावर चढलेला वायरमन, ज्याला महावितरण जनमित्र म्हणते, लाईन मेलेली आहे असं धरून हात घालतो. घरगुती जनरेटर चेंजओव्हर स्विच न लावता थेट बोर्डात जोडला असेल तर त्याची वीज उलटी डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते, आणि चारशे व्होल्टची बाजू जिवंत झाली की दुसऱ्या बाजूला अकरा हजार उभे राहतात. म्हणूनच कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नसतो. चेंजओव्हर स्विचची किंमत जनरेटरच्या मानाने किरकोळ असते. तरी तो वाचवणारी माणसं आहेत.

आणि पुन्हा तो छोटा डिझेल जनरेटर, ज्याच्यावर पोफळीपासून पुढचं सगळं उभं राहतं. ग्रीडचे नियम सांगतात की ब्लॅक स्टार्टचा जनरेटर दर आठवड्याला चालवून बघायचा. चालवतातही. बटण दाबलं, इंजिन घरघरलं, व्होल्टेज आलं, पाच मिनिटांनी बंद, लॉगबुकात ‘डीजी ओके’. भार मात्र कधी दिलाच नाही. असा वर्षानुवर्षं रिकामा चाललेला डिझेल पुरेसा तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते, इंजेक्टर चिकटतात. खऱ्या अंधाराच्या रात्री तेलाच्या पंपाची मोटर पहिल्यांदा त्याच्यावर येते आणि तो खोकून बंद पडतो. लॉगबुकमध्ये भाराच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी तिथे शून्य असतं, किंवा तो रकानाच नसतो.